तो स्ट्रेस वेगळा

लहानपणापासून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. ती एका जागी टेकायचीच नाही. जेवता जेवता उठून खिडकी लावायची, खिडकी लावता लावता बाहेर कोण चाललंय ते बघत बसायची, तोवर ताटातलं सगळं गार. लग्न झालं तरी नाव सुटलं नाही. नवऱ्यानं ते आनंदानं उचललं. तिला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची नोकरी लागली तेव्हा तो म्हणाला होता, "झकास. बसायचं पण आणि फिरायचं पण. तुझ्यासाठीच काढलेली नोकरी आहे ही."

शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपाशीही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्यासाठी. भिंगरीला त्या ब्रेकचा अभिमान होता, म्हणजे तो न वापरण्याचा. शिकणाऱ्याचे हात थरथरोत, गाडी फुटपाथकडे झुको, ती आधी बोलून बघायची. अगदी गळ्याशी आलं तरच पाय दाबायची. म्हणून त्या सकाळी रिकाम्या, सरळ रस्त्यावर तिनं कचकन ब्रेक मारला तेव्हा स्टिअरिंगवर बसलेले शिंपीकाका पार गोंधळले. दुकान मुलाच्या हाती दिल्यावर नातीला शाळेत सोडता यावं म्हणून ते गाडी शिकत होते, आणि आज पहिल्यांदाच आपल्याला जमतंय असं त्यांना वाटायला लागलं होतं.

"माझं काही चुकलं का, मॅडम?"

"नाही काका. छान चालवत होतात. जरा कडेला घेऊ या."

गाडी कडेला लागली. भिंगरीनं दाराचं हँडल घट्ट धरलं होतं. बेंबीच्या खाली, उजव्या अंगाला, कुणीतरी आत हात घालून पीळ देत होतं आणि त्याची कळ पाठीत, मांडीत उतरत होती. शिंपीकाकांनी आपली पाण्याची बाटली पुढे केली.

"पित्त झालं असेल," ते म्हणाले.

"असेल," ती म्हणाली.

पित्त नव्हतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. शाळेत असल्यापासून दर महिन्याला हे असंच चालायचं. आई म्हणायची, लग्न झालं की थांबेल. लग्न झालं, तर सासूबाई म्हणाल्या, एक मूल झालं की थांबेल. मूल काही होत नव्हतं आणि दुखणं काही थांबत नव्हतं. हल्ली तर ते पाळीच्या दिवसांपुरतंही राहिलं नव्हतं. मनात येईल तेव्हा यायचं आणि मनात येईल तितकं राहायचं.

सासूबाईंनी सगळी नोकरी टेलिफोनच्या कचेरीत काढली होती. आवाज असा, की ऐकणाऱ्यानं आपोआप ताठ बसावं. मनानं त्या वाईट नव्हत्या. सुनेला कधी टाकून बोलल्या नाहीत, मुलावरून तर नाहीच. पण दुखण्याबद्दल त्यांचं मत ठाम होतं. "आम्हालाही दुखायचं गं. आम्ही पोटाला गरम पाण्याची पिशवी बांधून ड्युटीला जायचो." हे ऐकलं की भिंगरी गोळी गिळून कामाला जायची.

त्या दिवसानंतर मात्र ती डॉक्टरांकडे गेली. याआधीही दोघी-तिघींकडे जाऊन झालं होतं, पण ह्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच तिला मधे न तोडता बोलू दिलं. मग सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, आणि नंतर दोघांना एकत्र बोलावणं.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. गर्भाशय, दोन बाजूंना दोन नळ्या, दोन ओव्हऱ्या. "गर्भाशयाला आतून जे अस्तर असतं ना, तसलंच अस्तर तुमच्या पोटात बाहेरही रुजलंय. इथे ओव्हरीवर, इथे मागे आतड्यापाशी. ह्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. आतलं अस्तर दर महिन्याला सुटतं, रक्त बाहेर जातं. ह्या बाहेरच्या अस्तरालाही रक्त सुटतं, पण त्याला जायला वाट नाही. ते तिथेच साचतं. उजव्या ओव्हरीत त्याची चांगली मोठी गाठ झालीय. आत जुनं, घट्ट, तपकिरी रक्त. आम्ही तिला चॉकलेट सिस्ट म्हणतो."

"नाव बरं ठेवलंय," भिंगरी म्हणाली. डॉक्टर हसल्या.

इथवर नवरा शेजारी होता. मग त्याचा फोन वाजला. तो लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा, आणि एका इमारतीत लिफ्ट मधल्यामधे अडकली होती, आत माणसं होती. तो खुणेनं माफी मागत बाहेर गेला. डॉक्टर पुढे सांगत राहिल्या. त्या साचलेल्या रक्तातलं लोह आजूबाजूच्या पेशींना छळतं. शरीरात काही तिखट, अस्थिर कण सतत तयार होत असतात, आणि त्यांना आवरणारी यंत्रणाही शरीरात असते; पण अशा जागी कण फार होतात आणि आवरणारं कमी पडतं. त्याचा मार अंड्यांवर बसतो, नळ्यांवर बसतो, सगळीकडे सूज राहते. "मूल राहायला अडचण येते त्याची अनेक कारणं असतात. हे त्यातलं एक. ह्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात."

नेमका ह्याच वाक्याला नवरा दार ढकलून आत आला.

घरी पोचल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाल्या?" आणि त्यानं बूट काढता काढता उत्तर दिलं, "गाठ आहे म्हणे. आणि स्ट्रेस आहे. स्ट्रेसमुळे राहत नाहीये."

"तरी मी म्हणत होते, फार धावपळ करते ही," सासूबाई म्हणाल्या.

भिंगरीनं समजवायचा प्रयत्न केला. हा स्ट्रेस मनाचा नव्हे, पेशींचा, असं ती म्हणाली. पण पेशींचा स्ट्रेस म्हणजे काय ते तिलाही धड सांगता येईना. नणंदेचा फोन आला तर ती म्हणाली, वहिनी, स्ट्रेस तो स्ट्रेस, दिवसभर नवशिक्यांच्या गाडीत जीव मुठीत धरून बसतेस, तर दुसरं काय होणार. तिनं अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांच्या बाटल्या पाठवून दिल्या, झाकणावर हसऱ्या बायकांची चित्रं असलेल्या. नवऱ्याच्या डोळ्यांत आशा दिसली. इतकी वर्षं ज्याचं कारण सापडत नव्हतं त्याचं कारण सापडलं होतं, आणि तेही आपल्या हातातलं. मशीनमधला बिघाड कळला की निम्मं काम झालं, असं तो नेहमी म्हणायचा.

खरी गंमत पुढेच होती. भिंगरीला स्वतःलाही वाटायला लागलं, की समजा ह्यांचंच बरोबर असेल तर? समजा आपल्याच धावपळीनं, आपल्याच भिंगरीपणानं हे झालं असेल तर? डॉक्टरांचं वाक्य तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, तरी ही शंका एकदा शिरली ती निघेना. तिनं स्कूलच्या मालकांना सांगितलं, काही महिने येत नाही. मालक म्हणाले, "शिंपीकाका विचारतील." ती म्हणाली, "सांगा, पित्त आहे."

मग घरात तिच्या शांततेचा कारभार सुरू झाला.

सासूबाईंनी तो हातात घेतला म्हणजे त्यात कसूर नव्हती. टीव्हीचा आवाज कमी झाला. बातम्या बंद झाल्या. सकाळी फळं कापून समोर यायची, आणि ती संपेपर्यंत सासूबाई समोर बसायच्या. दुपारी खिडकीचे पडदे ओढून "पड जरा" व्हायचं. भिंगरी पडायची. पडल्या पडल्या छतावरच्या चिरा बघायची, पाय हलवत राहायची. मग उठून कपाट आवरायची. कपाट आवरून झालं की पडदे धुवायची. पडदे वाळेपर्यंत खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून खोलीत. पोटात ते दुखणं होतंच. नोकरी सोडल्याचं त्याला काही कळलेलं दिसत नव्हतं. उलट आधी शिकवताना तासन्‌तास ती ते विसरायची, आता विसरायला काही नव्हतं.

"शांत राहा गं," सासूबाई म्हणायच्या.

"राहतेच आहे की."

"पाय बघ तुझे."

एका दुपारी सासूबाई खाली उतरल्या तर भिंगरी इमारतीच्या आवारात, घरच्या जुन्या गाडीत बसलेली. गाडी बंद. ती शेजारच्या सीटवर होती, आणि स्टिअरिंगवर कुणीच नव्हतं. सासूबाई बराच वेळ काचेबाहेर उभ्या राहिल्या. मग दार उघडून स्टिअरिंगमागे बसल्या.

"इथे काय करतेस?"

"काही नाही. स्ट्रेस घालवतेय."

सासूबाईंनी स्टिअरिंगवर हात ठेवले, जरा हलवून बघितलं. "मला शिकव," त्या म्हणाल्या.

"काय?"

"गाडी. बसून बसून तुला वेड लागेल, आणि तुला बघून मला. ह्यांनी कधी शिकू दिलं नाही. म्हणायचे, तुला कुठे जायचंय. आता ते नाहीत. मला कुठे जायचंय ते माझं मी बघेन."

भिंगरी कित्येक दिवसांनी मनापासून हसली.

सासूबाईंचा शिकाऊ परवाना आला आणि त्या दोघी बंद पडलेल्या एका कारखान्यामागच्या पटांगणात जाऊ लागल्या. तिथे मोडके क्रेट आणि दोन-चार कुत्री सोडून कुणी नसायचं. सासूबाई आयुष्यभर जशा बोलल्या होत्या तशीच गाडी चालवायच्या: ठामपणे आणि सरळ. वळण आलं की पंचाईत. घरच्या गाडीला दुसरा ब्रेक नव्हता, त्यामुळे भिंगरीचा पाय रिकाम्या जमिनीवरच दाबला जायचा.

"क्लच हळू सोडा, आई. एकदम सोडलात की ती उडी मारते."

"मी हळूच सोडतेय. तीच आगाऊ आहे."

ह्या फेऱ्यांमधे बोलणं निघायचं. घरात समोरासमोर जे बोलता येत नव्हतं ते गाडीत, दोघींची नजर पुढे असताना, सहज निघायचं. सासूबाईंनी एकदा विचारलं, "दुखतं म्हणजे नक्की कसं दुखतं?" आणि भिंगरीनं पहिल्यांदा नीट सांगितलं. शौचाला बसताना काय होतं, नवऱ्याजवळ जाताना काय होतं, उभ्या उभ्या डोळ्यांपुढे कसा अंधार येतो. सासूबाई ऐकत राहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये पटांगणाला फेरी मारत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "असं नव्हतं गं मला. ह्यातलं काहीच नव्हतं."

पुढच्याच आठवड्यात ते घडलं.

त्या पटांगणातच होत्या. सासूबाई मागे गाडी घ्यायला शिकत होत्या. भिंगरी मान वळवून मागच्या काचेतून बघत होती, आणि तेवढ्यात पोटात काहीतरी फुटलं. दुखण्याच्या सगळ्या जाती तिला ठाऊक होत्या; ही त्यातली नव्हती. कळ उजवीकडून सुरू होऊन क्षणात सगळ्या पोटभर पसरली, खांद्यापर्यंत गेली. तिनं दार उघडलं आणि बाहेर वाकून ओकली. मग तिला सरळ होता येईना.

"अगं," सासूबाई म्हणाल्या. "अगं, इकडे बघ."

तिचा चेहरा पांढरा पडला होता. कपाळावर घाम होता आणि हात बर्फासारखे गार. सासूबाईंनी मुलाला फोन लावला, लागेना. तो कुठल्यातरी इमारतीत लिफ्टच्या विहिरीत उतरला असणार, तिथे फोनला रेंज नसायची. रुग्णवाहिकेला लावला. तिकडून सांगितलं, येतो, पण मोठ्या चौकात रस्ता खणलाय, वेळ लागेल. सासूबाईंनी फोन पिशवीत टाकला, सुनेचा पट्टा लावला, स्वतःचा लावला आणि गाडी सुरू केली.

रस्त्यावर त्यांनी गाडी एकदाही घातली नव्हती. तिसरा गिअर माहीत नव्हता.

"आई, नको. त्यांना येऊ दे."

"तू बोलू नकोस. नाही, बोल. आता काय करू?"

"इंडिकेटर... दोन्ही लावा. लाल बटण."

गाडी पटांगणातून बाहेर पडली आणि दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन ओरडत असताना, हमरस्त्याला लागली. भिंगरी दोन्ही हातांनी पोट धरून दातांमधून शब्द सोडत होती: आरसा बघा, क्लच, आता सोडा. एका सिग्नलला गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मागे हॉर्नचा नुसता कल्ला उठला. सासूबाईंनी काच खाली केली, मान बाहेर काढली, आणि टेलिफोनच्या कचेरीतल्या त्या आवाजात मागच्याला म्हणाल्या, "माझी सून आजारी आहे आणि मला गाडी येत नाही. वाजवून येणार असेल तर वाजवा." हॉर्न थांबले. मागच्या गाडीतला माणूस उतरून पुढे आला, हात करून त्यानं बाजूची वाहनं थांबवली आणि ह्यांना वाट करून दिली.

त्यानंतर भिंगरीला बोलता येईना. डोळे मिटून तिला ऐकू येत होतं ते एवढंच, की सासूबाई स्वतःच स्वतःला शिकवत होत्या. "क्लच. हळू. उडी मारू देऊ नकोस. आरसा बघ. शहाणी माझी बाई ती." हे सगळं त्या गाडीला म्हणत होत्या, की स्वतःला, की तिला, ते कळत नव्हतं.

दवाखान्याच्या दारातल्या कुंडीला घासून गाडी थांबली.

तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर ड्युटीवर होता. त्याच्याकडे गर्दी होती, झोप कमी होती. त्यानं दोन-चार प्रश्न विचारले, पाळीची तारीख विचारली, आणि म्हणाला, "पाळी जवळ आलीय. त्याचंच दुखणं आहे. इंजेक्शन देतो, थोडं पडा, मग घरी जा."

सासूबाई पलंगाच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे एकवार नीट बघितलं.

"मीही हेच म्हणायचे," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "इतकी वर्षं मी तिला हेच म्हणत आले. तिच्या ओव्हरीत गाठ आहे, ती फुटली असेल. तुम्ही सोनोग्राफी करा आणि तिच्या डॉक्टरांना बोलवा. तोवर मी इथून हलणार नाही, आणि तीही नाही."

सोनोग्राफी झाली. पोटात रक्त पसरलं होतं. तरुण डॉक्टरचा चेहरा बदलला आणि मग सगळी माणसं भराभर हलायला लागली. तिच्या डॉक्टर आल्या. ऑपरेशनला नेताना त्या तिच्यावर वाकल्या. "गाठ फुटलीय. आत सगळं धुवून काढावं लागेल. गाठ काढताना ओव्हरीचा थोडा भाग जाऊ शकतो."

"अंडी?" भिंगरीनं विचारलं.

"वाचवता येतील तेवढी वाचवते."

नवरा पोचला तेव्हा ती आत होती. त्याच्या कपड्यांवर ग्रीसचे डाग होते. सासूबाई बाकावर बसल्या होत्या आणि त्यांच्या दोन्ही हातांच्या मुठी अजून स्टिअरिंग धरल्यासारख्या वळलेल्या होत्या. त्यानं ते हात उघडून आपल्या हातांत घेतले.

ऑपरेशन निभावलं. उजवी ओव्हरी राहिली, पण थोडकी. डावी मागे चिकटून बसली होती, ती मोकळी केली. एक नळी बंदच होती. दोन दिवसांनी डॉक्टर तिघांनाही समोर बसवून हे सांगत होत्या तेव्हा सासूबाईंनी मधेच विचारलं, "डॉक्टर, आम्ही तिची नोकरी सोडवली. स्ट्रेस नको म्हणून. त्याचा काही उपयोग झाला का?"

डॉक्टरांनी भिंगरीकडे बघितलं. भिंगरी छताकडे बघत होती.

"तो स्ट्रेस वेगळा," डॉक्टर म्हणाल्या. "तो पेशींमधला. तुम्ही गाडी चालवताय की पलंगावर पडलाय, त्याला काही कळत नाही. मनावरचा ताण कमी झाला तर कुणालाही बरंच वाटतं, पण ताणामुळे हा आजार झाला, असं नाही. तुमच्या सुनेनं काही केलं म्हणून नाही, आणि काही केलं नाही म्हणूनही नाही."

"आणि त्या गोळ्या?" नवऱ्यानं विचारलं. "अँटिऑक्सिडंटच्या?"

"अभ्यास चालू आहेत. काहींमध्ये थोडा फायदा दिसतो, काहींमध्ये नाही. त्यांनी मूल राहील असं मी सांगणार नाही."

सासूबाईंनी मान हलवली. घरी गेल्यावर त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फळं समोर आली नाहीत, आणि भिंगरीनं स्वतः उठून घेतली.

टाके सुकल्यावर ती कामाला लागली. शिंपीकाका दरम्यान परीक्षेत पास होऊन नातीला शाळेत सोडायला लागले होते. सासूबाईही परीक्षेला बसल्या आणि पार्किंगमध्ये नापास झाल्या. पुन्हा बसणार म्हणाल्या.

डॉक्टरांचं म्हणणं होतं की मूल हवं असेल तर फार थांबू नका, आयव्हीएफचा विचार करा. अंडी मुळात कमी होती, आणि जी होती त्यांच्यावर इतक्या वर्षांचा मार होता. दोघांनी ते करायचं ठरवलं. पोटात घ्यायची इंजेक्शनं नवरा द्यायचा. केवढाल्या यंत्रांच्या पोटात हात घालणारा माणूस, पण ती बारीक सुई हातात घेतली की त्याच्या ओठावर घाम यायचा. "तू बघू नकोस," तो म्हणायचा. "अरे, तू बघ," ती म्हणायची. मोजकीच अंडी मिळाली. त्यांतून दोन गर्भ तयार झाले. एक आत सोडला, एक गोठवून ठेवला.

मग वाट बघणं. भिंगरीला वाट बघता येत नव्हती, ते तिला कधीच जमलं नव्हतं. ती जादा तास शिकवायची, घरी आली की भांड्यांच्या जागा बदलायची. सासूबाई फक्त तिच्या मागोमाग फिरून भांडी पुन्हा सापडतील अशी ठेवायच्या.

निकालाचा फोन आला तेव्हा ती गाडीत होती. शेजारी एक कॉलेजातली मुलगी स्टिअरिंगवर, पहिल्यांदाच गर्दीच्या रस्त्यावर. भिंगरीनं फोन कानाला लावला, ऐकलं, "बरं" म्हणाली, आणि ठेवला.

"मॅडम, पुढे कुठे?"

"सरळ," ती म्हणाली. "पुढचा सिग्नल ओलांडून सरळच."

तास संपवून तिनं मुलीला स्कूलपाशी सोडलं आणि नवरा काम करत होता त्या इमारतीकडे गेली. लिफ्ट बंद ठेवलेली होती, म्हणून जिन्यानं वर चढली. सगळ्यात वर, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत तो एकटाच होता. तिची गाठ फुटली त्या दिवसापासून तो लिफ्टच्या विहिरीत उतरला तरी मधून मधून वर येऊन फोन बघायचा. सोबतचे त्याला हसायचे. आत्ताही फोन त्याच्या शेजारीच ठेवलेला होता, पण तिनं फोन केला नव्हता. दारात तिला बघून त्यानं पाना खाली ठेवला.

"नाही झालं," ती म्हणाली.

तो कापडाला हात पुसत राहिला, एकेक बोट, फार वेळ. मग बाहेर गच्चीवर आला. ती कठड्याच्या कडेकडेनं चालत होती, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बस ना जरा," तो म्हणाला.

"बसवत नाहीये."

मग तोही तिच्या बरोबरीनं चालायला लागला. वाऱ्यानं कुणाच्यातरी दोरीवरच्या चादरी फडफडत होत्या. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर त्याचे डोळे भरले आणि त्यानं ते लपवले नाहीत. तिला रडू येत नव्हतं. तिला राग येत होता, आणि कुणावर काढावा ते कळत नव्हतं. गाठीवर, की शाळेतल्या त्या बाईंवर, ज्यांनी ती पोट धरून बसली तेव्हा नाटकं करू नकोस म्हटलं होतं, की अजून कुणावर.

"अजून एक आहे ना पण," तो म्हणाला. "ठेवलेला."

"आहे."

"डॉक्टर म्हणतील लगेच करा."

"म्हणतील." ती थांबली. एवढ्या वेळात पहिल्यांदाच थांबली. "पण मला लगेच नाही करायचं. अरे, ऑपरेशन झाल्यापासून मला फारसं दुखत नाहीये. पुन्हा सुरू होईल, होऊ शकतं असं त्याच म्हणाल्यात. शाळेत असल्यापासून न दुखता जगणं काय असतं ते मला माहीतच नाही. मला ते काही महिने जगून बघायचंय. पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा वाट बघणं, आत्ता नाही."

"आणि मग?"

"मग बघू. कदाचित करू. कदाचित मी नको म्हणेन." तिनं त्याच्याकडे बघितलं. "नको म्हटलं तर चालेल तुला?"

त्यानं लगेच हो म्हटलं नाही, आणि तिला ते बरं वाटलं. त्यानं खाली रस्त्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"मला मूल हवंय," तो म्हणाला. "ते मला खोटं सांगता येणार नाही. पण त्या दिवशी मी दवाखान्यात आलो तेव्हा ह्यातलं काहीच माझ्या डोक्यात नव्हतं. तू जिवंत आहेस ना, एवढंच होतं. म्हणजे ह्यावरून काय ते मला नीट सांगता येत नाहीये."

"आत्ता नको सांगूस."

"आईला कोण सांगेल?"

"मी सांगते. गाडीत सांगेन."

खालून कुणीतरी ओरडून विचारलं, लिफ्ट कधी सुरू होणार. तो आत गेला. तिनं खोलीच्या दारात उभं राहून बघितलं. त्यानं एक खटका वर केला, मोठं चाक गरगरायला लागलं आणि जाड दोर सरकत खाली जाऊ लागले. त्यानं मान वळवून "लिफ्टनंच जा" अशी खूण केली. तिनं नकारार्थी मान हलवली आणि जिन्यानं खाली उतरायला लागली, एकेक पायरी सोडून, वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्याच्या हातातली पिशवी त्याच्या दारापर्यंत नेऊन देत, पुन्हा भरभर खाली. स्कूलमध्ये दुसरा शिकणारा येऊन थांबला असणार होता.